मदत हवी आहे : रायगडच्या रोपवेआधीच्या डोलीवाल्यांविषयी

सर्वांना नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि रायगडावर जाण्याच्या जुन्या पद्धतींविषयी आठवणी जमवत आहे. हिरकणीवाडीतून गडावर जाणारा रोपवे १९९६ साली सुरू झाला. सुमारे ४२० मीटरची चढण आता चार-पाच मिनिटांत संपते. पण त्याआधी, ज्यांना चौदाशेहून अधिक पायऱ्या झेपत नसत, अशा वृद्धांना डोलीत बसवून वर नेणाऱ्या माणसांविषयी मला फारसे लेखन आढळले नाही, आणि खरे तर गडाच्या इतिहासाचा तोही एक भाग आहे.

आमच्या आजीला माझ्या लहानपणी असेच नेले होते. बांबूला बांधलेली वेताची खुर्ची, खांद्यावर घडी करून ठेवलेले गोणपाट आणि वळणावर डोली टेकवताना पुढच्याने मागच्याला दिलेली हाक, एवढेच मला स्पष्ट आठवते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी १९९६ पूर्वीच्या सहलीची छायाचित्रे असतील, किंवा पाचाड-हिरकणीवाडीकडील नातेवाइकांकडून डोलीचे दर आणि रोपवे आल्यानंतर या मंडळींनी धरलेला कामधंदा यांविषयी काही समजत असेल, तर कृपया कळवावे. ऐकीव माहितीही चालेल; फक्त ती ऐकीव आहे असे नमूद करावे.