फरक घाटातल्या वळणावर कळतो

वरती एकाने विचारलंय की टोयोटाची फॉर्च्युनर सोडून बीएमडब्ल्यू एक्स३ डिझेलसाठी इतके लाख जास्त का मोजायचे? माझं मत: गाडी स्वतः चालवणार असाल आणि घाट नेहमीचा असेल, तरच मोजा.

टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीच्या, आकड्यावर जाऊ नका. फॉर्च्युनर डिझेल ऑटोमॅटिकचा टॉर्क ५०० एनएम, डिझेल एक्स३चा (२०डी) ४००. पण फॉर्च्युनरची बॉडी लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली, उंच. आंबा घाटात लागोपाठ वळणं आली की ती एका बाजूला कलते, सावरायच्या आत पुढचं वळण येतं आणि मागे बसलेल्यांना मळमळायला लागतं. एक्स३ मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, मागचा भाग रेंगाळत नाही. हे सुख खरंच मोठं आहे, ते कुठल्याही ब्रोशरमध्ये सापडायचं नाही.

पण कोकणातले साखरी नाटे, वेळणेश्वरकडचे आतले रस्ते आठवा. पावसाळ्यात कडेची माती वाहून जाते, जांभ्याचे दगड उघडे पडतात. तिथे फॉर्च्युनरची उंची आणि जाड टायर कामाला येतात, आणि मेकॅनिकही जवळ मिळतो.

वैयक्तिक नावावर वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात १५ टक्के रोड टॅक्स आहे, त्यामुळे शोरूमच्या किमतीतला फरक ऑन-रोड आणखी वाढतो.

आणि गाडी गावी उभी राहून फक्त बाजारापुरती निघणार असेल तर बीएस६ (सध्याच्या प्रदूषण नियमांची) डिझेल गाडी घेऊच नका, कुठलीही. छोट्या फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो.

टेस्ट ड्राइव्ह मागाल ती घाटातच मागा, घरच्यांना मागे बसवून.