मदत हवी आहे: एकट्या राहणाऱ्यांचा आधारगट, कागदपत्रांत अडलंय

नमस्कार. जुळे सोलापूर-विजापूर रोड भागात आईवडील, भावंडं, जोडीदार कुणीच नसलेल्या पाच जणांचा आधारगट उभा करतोय.

रोजची घडी बसली आहे. सकाळी ९ पर्यंत ग्रुपवर हजेरी, ९.३० ला फोन, तोही उचलला नाही तर किल्ली असलेला माणूस थेट घरी. किल्ली दोघांकडे हवीच. किल्ली एकाकडेच असेल आणि तो नेमका गड्डा यात्रेच्या गर्दीत अडकला तर दार फोडावं लागतं. रात्री आतून कडी लावायची नाही, फक्त लॅच. कडी असली की बाहेरच्या किल्लीचा काही उपयोग नाही. दाराच्या आतल्या बाजूला कागद: रक्तगट, चालू गोळ्या, ॲलर्जी, दोन नंबर.

मुखत्यारपत्र माणसाचं भान हरपल्यावर चालत नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून दोन साक्षीदारांचं मृत्युपत्र वेगळं. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्याने साध्या कागदावर कुणाही सज्ञान व्यक्तीला प्रतिनिधी नेमता येतं, ते सोपं. अडचण शेवटच्या उपचारांच्या निर्देशपत्राची (लिव्हिंग विल, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं). २०२३ पासून ते दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे होतं, पण आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले शब्द आहेत ‘पालक (गार्डियन) किंवा जवळचा नातेवाईक’.

मित्राचं नाव घालून सोलापुरात कुणी ते केलंय का? मसुदा मिळेल का? आणि ॲडमिट करताना ‘नातेवाईक’ या रकान्यात मित्राची सही चालावी म्हणून रुग्णालयाला आधी काय लिहून द्यायचं?