शब्दचर्चा: ‘कंट्री हाउस’ म्हणजे वाडा का गढी? आणि ‘गॉथिक’चं काय करायचं?

अंबाजोगाईकर:
एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद हातात घेतलाय. उत्तर इंग्लंडमधलं जुनं घर, गावापासून तुटलेलं, स्वतःच्याच जमिनीच्या मधोमध उभं. घराण्यातली माणसं एकेक करून जातात, एका खोलीला कायमचं कुलूप, आणि थोरल्या बाईंनी जपून ठेवलेलं एक पत्र. या जातीच्या कादंबरीला तिकडं गॉथिक म्हणतात. माझी गाडी पहिल्याच पानावर अडली. ‘कंट्री हाउस’ला ‘वाडा’ लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “वाड्यात एकटं कोण राहील गं? चौकात सतरा माणसं असतात.” तिथंच थांबले. गढी म्हणू, हवेली म्हणू का सरळ बंगला? आणि ‘गॉथिक’ला आपल्याकडं शब्द आहे का?

परभणीचा मास्तर:
आईंचं बरोबर आहे. वाड्याचं तोंड आत असतं. रस्त्याकडून पाहिलं तर नुसती उंच भिंत आणि दिंडी दरवाजा, खिडक्या असल्याच तर वर, हातभर. उजेड-वारा सगळा चौकातून. इंग्रजी घराचं तोंड बाहेर, खिडक्यांची रांग बागेकडं. म्हणून त्यांच्या कादंबरीत परका माणूस संध्याकाळी झाडांतून चालत येतो आणि त्याला लांबूनच एका खिडकीत दिवा दिसतो. वाड्यात तो दिवा दिसायचाच नाही, तुमचा प्रसंगच मेला.

गढी तर नकोच. गढी म्हणजे देशमुख-पाटलांची बंदोबस्ताची जागा, उंचवट्यावर, बुरुजांची. शिवाय आपल्याकडं गढी म्हटलं की पडकीच डोळ्यांसमोर येते. आमच्या गावात पावसाळ्याच्या आधी लोक गढीची पांढरी माती खणून न्यायचे आणि माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पसरायचे, त्या मातीतून पाणी झिरपत नाही म्हणून. अशी थोडी थोडी करून अख्खी गढी गावाच्या डोक्यावर जाऊन बसली. खाली उरला एक बुरूज आणि ‘इथून भुयार निघतं’ ही गोष्ट. प्रत्येक गढीखालून भुयार निघतं आणि थेट देवगिरीलाच जातं, अंतर कितीही असो.

नांदेडहून:
‘कोठी’ आणि ‘देवडी’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, दोन्हींत पाय घसरतो. उर्दूत कोठी म्हणजे मोठं घर, मराठीत धान्याची खोली. देवडीचं आणखी मजेशीर. मराठीत देवडी म्हणजे दरवाजाच्या आत पहारेकऱ्यानं बसायची जागा. हैदराबादेत अमीर-उमरावांच्या अख्ख्या महालालाच देवडी म्हणतात. आपण 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं आमच्या आजोबांच्या तोंडी दोन्ही अर्थ असायचे. ते ‘नवाबसाहेबांच्या देवडीत जेवलो’ म्हणायचे आणि पुण्याकडच्या पाहुण्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला दारातच बसवून वाढलं.

तुमच्या कामाचा एक मुद्दा: 1949 साली संस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या आणि बरीच मोठी घरं आतून रिकामी झाली. भिंती तेवढ्याच, खाणारी तोंडं तेवढीच, वसूल बंद. इंग्रजी कादंबरीतल्या पडत्या घराण्याचं दुःख मराठवाड्याच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

औंढ्याची सून:
मास्तर वास्तूचं बोलले, मी वाटणीचं बोलते. इंग्लंडात जुन्या रिवाजानं जमीन आणि घर थोरल्याला, बाकीच्यांनी आपापलं बघायचं. म्हणून त्यांच्या कादंबरीत प्रश्न असतो, घर कुणाला मिळणार? आपल्याकडं प्रश्न असतो, भिंत कुठून जाणार? आमचा वाडा चार भावांत वाटला तेव्हा चौकातून भिंत गेली. देवघराच्या चौकटीवर दोन मोर कोरलेले होते, भिंत नेमकी त्यांच्या मधून आली. एक मोर थोरल्या जाऊबाईंकडं आणि एक आमच्याकडं. आमच्याकडच्या मोराची शेपटी गिलाव्यात गेली. घर मोजायचं तेही खणांवर, दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. “आम्हाला सहा खण कमी आले” हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्या महिन्यात ऐकलं, आजही ऐकते. ‘फॅमिली मिस्टरी’ला तुम्ही काय लिहिताय ते माहीत नाही, पण आमच्याकडं त्याला भाऊबंदकी म्हणतात आणि त्यात रहस्य काही नसतं, सगळ्यांना सगळं माहीत असतं.

कुलूपबंद खोलीवरून बळद आठवलं. भिंतीला लागून बांधलेली, दार नसलेली धान्याची खोली. वरून माळवदाच्या तोंडातून ज्वारी ओतायची, खालच्या भोकातून काढायची. तळाशी उरलेलं भोकापर्यंत येत नाही. मग घरातल्या सगळ्यात लहान पोराला दोरीनं आत सोडायचे, ते हातानं दाणे लोटायचं. सासूबाई लहानपणी माहेरी उतरायच्या. त्या सांगायच्या, आत अंधार तर असतोच, पण खरी भीती वरच्या चौकोनाची. उजेडाच्या त्या तुकड्यात कुणाचं तरी डोकं दिसत असतं, आणि ते डोकं बाजूला झालं की…

अंबाजोगाईकर:
ताई, अंगावर काटा आला. बळद कादंबरीत घालता येणार नाही, घर इंग्लंडातलंच ठेवायचंय. पण हा परिच्छेद मी वहीत उतरवून घेतला.

‘गॉथिक’चं राहिलंच.

परभणीचा मास्तर:
मूळ शब्द शिवीच आहे. गॉथ ही जुनी जर्मॅनिक टोळी. मध्ययुगातली टोकदार कमानींची बांधणी पुढच्या काळातल्या इटलीच्या पंडितांना रानटी वाटली, म्हणून तिला ‘गॉथांची’ म्हणून हिणवलं. मग त्याच बांधणीची हौस आली. होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज गृहस्थानं ट्विकनहॅमला मुद्दाम जुनाट दिसेल असं घर बांधलं आणि 1764 मध्ये एका किल्ल्याची, वारसाची आणि शापाची गोष्ट छापली. दुसऱ्या आवृत्तीत, 1765 साली, तिला ‘गॉथिक गोष्ट’ असं बिरुद लावलं. म्हणजे शब्द आधी इमारतीचा, नंतर कादंबरीचा. मुंबईच्या मोठ्या रेल्वे स्टेशनाला आपण गॉथिक म्हणतो तेव्हा कुणाला भीती वाटत नाही, वाटलीच तर लोकल चुकायची. म्हणून शब्द आहे तसा ‘गॉथिक’ ठेवा.

नांदेडहून:
‘गूढकादंबरी’ का नको? अर्णाळकरांच्या त्या रहस्यकथा, धारपांच्या भयकथा, मतकरींच्या गूढकथा, एवढे खण मराठीत आधीच पाडलेत. रहस्य शेवटी उलगडतं, उलगडलंच पाहिजे, नाहीतर वाचक पैसे परत मागेल. गूढ उलगडलं नाही तरी चालतं. ‘गूढ’ आणि ‘गुहा’ एकाच धातूतून आलेत, गुह् म्हणजे लपवणं. घराच्या कादंबरीला शोभतो शब्द.

अंबाजोगाईकर:
मुखपृष्ठावर चालेल. पण आतल्या वाक्यांचं काय? एक जुना नोकर नव्या मालकिणीला सांगतो, त्याचं शब्दशः मी असं केलंय: ‘या घराने आपल्या मालकांवर कधीच दया दाखवली नाही.’ वाचलं की वाटतं, नोकर आदल्या दिवशी लंडनहून मराठी शिकून आलाय. ‘झपाटलेलं घर’ही करून पाहिलं.

औंढ्याची सून:
झपाटलेलं नको. माणूस कामानं झपाटलेला असतो, झाड झपाटलेलं असतं. घराबद्दल आमच्याकडची बाई असं बोलतच नाही. ती म्हणेल, “हा वाडा कुणाला लाभला नाही, बाईसाहेब.” एवढंच. पुढं कुणी काही विचारत नाही.

परभणीचा मास्तर:
वा! आपण इतका वेळ नामांवरून भांडत बसलो, क्रियापदाकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. बारीक फरक बघा. घर ‘मानवत नाही’ म्हणजे हवा-पाणी, तब्येत. घर ‘बाधतं’ म्हणजे बाहेरचं काहीतरी, त्याला उतारा आहे. घर ‘लाभत नाही’ याला वैद्यही चालत नाही आणि मांत्रिकही. कुणाचा तरी तळतळाट, कधीची तरी खोटी सही, हे न बोलता त्यात येतं. आणि ‘घर खायला उठतं’ आपण रोज म्हणतो, पोरं पुण्याला गेली की. शब्द जसाच्या तसा घ्या, घर जागचं उठून तुम्हाला खायला येतंय. ‘दिवा लावायला कुणी उरलं नाही’ हेही असंच.

लातूरकर:
उशिरा लिहायलोय. वर माळवदाचं निघालंय, त्यात एक शब्द घालतो. आमच्या भागात घर पडलं म्हणत नाहीत, ‘बसलं’ म्हणतात. माळवद बसलं. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकूड आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. मास्तरांनी सांगितली तीच पांढरी. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आमचं गाव किल्लारीपासून लांब, आमचं घर नाही बसलं, नुसती साण्यातून माती गळत राहिली, चुलीवर, भाकरीच्या टोपल्यात. माळवदाला उजेड-धुरासाठी ठेवलेलं भोक म्हणजे साणं. पुढं दोन वर्षं आजी घरात झोपली नाही, पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची. घरात भूत आहे असं ती कधी म्हणाली नाही. ‘वर बघून झोप येत नाही’ म्हणायची.

तुमच्या कादंबरीत शेवटी घर पडत असेल तर ‘कोसळलं’ लिहू नका. कोसळतो पाऊस.

अंबाजोगाईकर:
पडतं. शेवटच्या प्रकरणात. ‘बसलं’ लिहिते.

‘कंट्री हाउस’चं असं ठरवलं: त्या घराला मूळ पुस्तकात नाव आहे, तेच ठेवायचं आणि कथा सांगणारी नुसतं ‘घर’ म्हणेल. मोठेपण खिडक्यांच्या संख्येतून आणि नोकरांच्या बोलण्यातून येईल. वाडा एकदाच वापरलाय, गावातल्या म्हातारीच्या तोंडी. नोकराचं वाक्य ‘हे घर कुणाला लाभलं नाही, बाईसाहेब’. काल रात्री आईला तेवढंच वाचून दाखवलं. तिनं निवडत असलेली मेथी खाली ठेवली आणि विचारलं, “कुणाचं गं? आपल्या ओळखीतलं आहेत का?”

आता फक्त ‘अ‍ॅटिक’ राहिलंय. पोटमाळा लिहू ना?

परभणीचा मास्तर:
लिहा. उतरत्या छपराखाली पोटमाळाच असतो. आपल्या माळवदाला तो नाही म्हणून आपण थांबायचं कारण नाही. फक्त तिथं कुणी उन्हाळ्यात गादी टाकून झोपतंय असं वाचकाला वाटू देऊ नका, आपल्याकडं ‘वर’ म्हटलं की तेच आठवतं.