क्योतोला परत जायचंय, ५०० येनचा बसपास कुठे मिळतो? (मदत हवी आहे)

पारिजातक (धागाकर्ती): नमस्कार. क्योतोला पुन्हा जायचं ठरलंय. २०१६ साली तीन आठवडे राहिले होते. तेव्हा सकाळी ५०० येनचा दिवसभराचा बसपास घ्यायचा आणि गाव पालथं घालायचं, असं चालायचं. आता दोन दिवस शोधतेय, तो पास कुठेच दिसत नाही. जेआर पासची (जपानभर चालणाऱ्या रेल्वेपासची) किंमतही भलतीच दाखवतायत. उद्या रात्रीपर्यंत हॉटेल पक्कं करायचंय, त्यानंतर रद्द केलं तर पैसे परत मिळणार नाहीत. कोणी नुकतंच जाऊन आलं असेल तर लवकर सांगा प्लीज.

घाटवाट: कधी जाताय? किती दिवस? किती जण? कुठल्या विमानतळावर उतरताय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?
बसपासचं मात्र सांगतो. तो बंद झाला. सप्टेंबर २०२३ नंतर विक्री थांबली आणि मार्च २०२४ नंतर हातात उरलेला पासही चालेना. पर्यटकांनी बस इतक्या भरायला लागल्या की गावातल्या लोकांना चढता येईना. आता बस आणि सबवे मिळून एका दिवसाचा पास ११०० येनला आहे. सुटं तिकीट शहरात २३० येन.

चहाबाज: जेआर पास डोळे झाकून घ्या. आम्ही तीनदा गेलो, तिन्ही वेळा घेतला. प्रत्येक स्टेशनवर तिकिटाची कटकट नाही.

रानवारा: चहाबाज, तुम्ही शेवटचे कधी गेलात? सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये एकदम ५०,००० येन झाला. त्याआधी तीस हजारांच्या आत होता. तोक्यो ते क्योतो शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) एका बाजूने साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,००० च्या आसपास. उरलेले २२,००० कुठे वसूल करणार?

चहाबाज: हिरोशिमा जोडलं की वसूल होतात. शिवाय कानाझावा. एवढ्या लांब जाऊन एकाच गावात बसून कोण राहतं?

पारिजातक: मी राहते. मला फक्त क्योतोच करायचंय, आठ दिवस. तोक्यो नाही, हिरोशिमा नाही. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, सिंगापूरमार्गे कन्साई विमानतळावर उतरतोय. तिकिटं काढून झालीत.

रानवारा: मग जेआर पासचा विषयच संपला. विमानतळावरून हारुका गाडी क्योतो स्टेशनला सव्वा तासाच्या आसपास पोहोचवते. तेवढंच तिकीट काढा.

कोकणकडा: नोव्हेंबरचा शेवट?? ताई, तो तर मेपलच्या लाल पानांचा ऐन भर. तोफुकुजी देवळाच्या पुलावर माणसांची भिंत असते, एइकान्दोलाही तेच. जानेवारीत जा. थंडी असते, पण देवळं रिकामी.

घाटवाट: तिकिटं काढलीत म्हणाल्या ना त्या. पारिजातक, "किती जण" याचं उत्तर अजून आलं नाही. "उतरतोय" लिहिलंत, म्हणजे कोणीतरी बरोबर आहे.

पारिजातक: मी आणि आई. हे आधी लिहायला हवं होतं, सॉरी. आई ७२ वर्षांची. गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा तास चालते, जिन्याला कठडा लागतो. माळकरी आहे, कांदा-लसूणही नाही. २०१६ मध्ये तिलाही यायचं होतं, पण बाबांचं आजारपण चालू होतं. मी रोज संध्याकाळी देमाचियानागीला कामो नदीच्या काठी बसून तिला व्हिडिओ कॉल लावायची. नदीत पलीकडे जायला दगड टाकलेत, त्यातले काही कासवाच्या आकाराचे. शाळेतून येणारी मुलं त्यांच्यावरून उड्या मारत जायची. बाबांच्या उशाशी बसून ती ते बघायची. अजूनही विचारते, "ती कासवं आहेत का गं तिथे?" म्हणून हॉटेल मला देमाचियानागीलाच हवंय, पण बस सोडली तर तिथून तिला कशी फिरवणार, हे कळत नाहीये.

सदाफुली: पुण्यात असाल तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आईंना आधी घेऊन जा. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय. चालण्याचा सरावही होईल.

जाईजुई: जेवणाचं मी सांगते, पुण्यातच जपानी शिकले आणि दोन वर्षं तिकडे काढली. "मासे नाहीत" म्हणजे तिथल्या माणसाच्या हिशेबी ताटात माशाचा तुकडा नाही, एवढंच. उडोनचं (जाड शेवयांचं) पाणी बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशीचं असतं, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाचं. म्हणून "कात्सुओ नो दाशी मो दामे देसु" (माशाचं पाणीही चालत नाही) हे वाक्य कागदावर जपानीत लिहून जवळ ठेवा. आईंसाठी खरं जेवण म्हणजे शोजिन र्योरी, बौद्ध मठातलं. त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य. दाइतोकुजी मठाच्या आवारात मिळतं. लाल चकचकीत वाडग्यांतून एकेक पदार्थ येतो. तिळाचं तोफू आलं की आधी नुसतं जिभेवर ठेवायला सांगा, आमच्या आजीला खरवस आठवला होता. रात्रीसाठी गरम करायचा साधा भात पाकिटात मिळतो, मेतकूट घरून न्या.

चहाबाज: कांदा-लसूण प्रवासात चालतो. आमची आईपण माळकरी होती, ती खायची.

जाईजुई: त्यांच्या आईचं त्या ठरवतील. विचारलं तेवढं सांगावं.

कोकणकडा: मी म्हणेन क्योतो स्टेशनजवळ राहा. बऱ्याच बस तिथून सुटतात.

घाटवाट: कोकणकडा, तिथेच बसला सगळ्यात लांब रांगा असतात. गुडघे दुखणाऱ्या बाईंना त्यांत उभं का करायचं?
पारिजातक, तुमची जागा बरोबर आहे. बस विसरा. देमाचियानागी हे केइहान रेल्वेचं शेवटचं स्टेशन, म्हणजे गाडीत बसायला जागा मिळायची शक्यता चांगली. तिथून गिओन-शिजो, तोफुकुजी, फुशिमी इनारी सगळं एकाच मार्गावर. इनारीचं देऊळ रात्रंदिवस उघडं आणि प्रवेश फुकट, म्हणून सकाळी सातला जा. खालच्या तोरींमधून (लाल कमानींमधून) थोडं चालून परत फिरा, डोंगर चढायची गरज नाही. मेपलसाठी देमाचियानागीहूनच एइझान रेल्वेची छोटी गाडी कुरामाला जाते. वाटेत रूळ मेपलच्या झाडांमधून जातात, आईंना बसल्या जागी सगळं दिसेल. कियोमिझू देवळाचा चढ मात्र सोडा, किंवा टॅक्सीने जमेल तितकं वर जा. येताना हारुकाने क्योतो स्टेशन, तिथून जेआर नारा लाइनने एकच स्टेशन तोफुकुजी, आणि तिथेच केइहान. मोठ्या बॅगा असतील तर विमानतळावरूनच ताक्क्युबिनने (सामान पोहोचवणाऱ्या कुरिअरने) हॉटेलला पाठवा.

रानवारा: घाटवाटांना अनुमोदन. हॉटेलच्या बिलात निवासकर वेगळा धरा. मार्च २०२६ पासून वाढलाय, माणशी एका रात्रीचं भाडं ६,००० ते २०,००० येनच्या आत असेल तर माणशी रात्री ४०० येन. आणि गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खाजगी गल्ल्यांत शिरू नका, २०२४ पासून बंदी आहे.

हिरवाचाफा: आम्ही मे महिन्यात जातोय, मुलं ८ आणि ११ वर्षांची. तोक्यो डिस्नेलँडला एक दिवस पुरतो का?

घाटवाट: नवा धागा काढा.

पारिजातक: केइहान! मी तीन आठवडे त्या स्टेशनावरून चालत गेले आणि बसच्याच नादात राहिले. देमाचियानागीचं हॉटेल आत्ता पक्कं केलं, तळमजल्याची खोली मागितलीय. जाईजुई, ते वाक्य देवनागरीत वहीवर उतरवून आईला दिलंय. ती सकाळपासून हरिपाठानंतर ते पाठ करतेय, "दामे देसु" वर अडखळतेय. अजून एक विचारायचं राहिलं. नदीकाठी उतरायला पायऱ्या सोडून उतार कुठल्या बाजूने आहे, कोणाला आठवतं का?