उ: दहा टक्के चालतं म्हणजे नेमकं काय?

'प्रबंधात दुसऱ्याचं लिखाण दहा टक्क्यांपर्यंत उचललं तर चालतं' असं इथे एकाने म्हटलंय, मीही एमएच्या पहिल्या वर्षी तेच धरून बसले होते. पण यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) वाङ्मयचौर्याबद्दलचा २०१८चा नियम फक्त एवढंच म्हणतो की १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही. त्याच्या पुढे ४०, ६० असे टप्पे आहेत आणि ६०च्या वर गेलं तर पीएचडीवाल्यांची नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हात, नाव देऊन घेतलेलं त्यात धरतच नाहीत, मग चोरायचं कशाला?

माझी चूक वेगळीच होती. शोधगंगावर (भारतातल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) एक प्रबंध सापडला, त्यातली तळटीप मी पुस्तक न बघताच जशीच्या तशी उचलली, पान १४२ वगैरे, आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने काही पकडलं नाही हो! मॅडमनी फक्त विचारलं, "पुस्तक बघितलंस?" मग लायब्ररीत जाऊन ते धुळीतलं पुस्तक काढलं तर १४२वर भलतंच काहीतरी, पाहिजे तो मजकूर २१४वर, म्हणजे मूळ प्रबंधवाल्यानेच आकडे उलटसुलट केलेले आणि मी ते पुढे ढकलणार होते. आता पुस्तक हाताशी नसेल तर सरळ 'अमक्याच्या प्रबंधात उद्धृत' असं लिहिते, दिसायला जरा कमी भारी दिसतं, दिसू दे.