मदत हवी आहे: जुन्या जॅझ रेकॉर्ड्सची प्रतवारी आणि विक्री (ब्लू नोट, प्रेस्टिज, कोलंबिया या कंपन्यांच्या)

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. शेजारच्या आजींचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांनी तळघरात जॅझच्या एलपींची दोन कपाटं भरून ठेवली आहेत. आजी आता मुलीकडे राहायला चालल्या आहेत, घर विकायचंय, आणि "तुझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे ना" एवढ्या पात्रतेवर हे काम माझ्याकडे आलंय. आमच्याकडे वाजतात कुमारजी आणि किशोरीताई. जॅझ मी ऐकतो, पण संग्राहक नव्हे.

एक विक्रेता घरी येऊन गेला. थोडा वेळ चाळून "बहुतेक सगळं व्हीजी आहे" (म्हणजे 'व्हेरी गुड', प्रतवारीतली एक पायरी) म्हणाला आणि सगळ्याचा मिळून एक आकडा सांगितला. आजींना तो ठीक वाटतोय. मला कमी वाटतोय, पण का कमी ते त्यांना पटवून देता येत नाही. म्हणून हा धागा.

आतापर्यंत जे पाहिलंय ते लिहितो.

१. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन', ब्लू नोट कंपनीचा क्रमांक १५७७, मोनो. लेबलवर पत्ता ४७ वेस्ट ६३, एनवायसी. कंपनीच्या नावाशी 'इन्क' नाही, वर्तुळातला 'आर' नाही. दोन्ही बाजूंच्या लेबलवर बोटाला लागेल अशी गोल खोबण आहे. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर हाताने कोरलेलं 'आरव्हीजी' (ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं), आणि जरा बाजूला कानासारखी एक खूण. दिव्याखाली तिरकी धरली की बारीक केसासारख्या रेषा दिसतात, नख फिरवलं तर एकही लागत नाही. दिसायला छान. पण वाजवली की ली मॉर्गनचा ट्रम्पेट वरच्या सुरांना फाटतो. तडतड नाही, आवाजच चिरका होतो. कव्हरच्या मागे कोपऱ्यात बॉलपेनने आजोबांचं नाव आणि 'मार्च १९५८'.

२. होरेस सिल्व्हरची 'साँग फॉर माय फादर', ब्लू नोट ४१८५. लेबलवर 'न्यूयॉर्क, यूएसए'. पट्टीवर व्हॅन गेल्डरचा शिक्का आहे, पण ती कानाची खूण नाही. वाजते उत्तम.

३. सॉनी रॉलिन्सची 'सॅक्सोफोन कोलोसस', प्रेस्टिज ७०७९. पिवळं लेबल, पत्ता बर्गनफील्ड, एन. जे.

४. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' आणि ब्रुबेकची 'टाइम आउट', दोन्ही कोलंबियाच्या, 'सहा डोळ्यांच्या' (डोळ्यासारखी सहा चिन्हं असलेल्या) लेबलच्या. कव्हरवर रेकॉर्डच्या कडेचं गोल उमटलंय, वरची शिवण थोडी उसवलीय.

बाकी बऱ्याच सत्तरच्या दशकातल्या पुनर्मुद्रित प्रती आहेत.

प्रश्न असे: प्रत डोळ्याने ठरवायची की कानाने? 'ब्लू ट्रेन' दिसायला व्हीजी प्लस आणि ऐकायला त्याखाली असेल, तर जाहिरातीत काय लिहायचं? कव्हरवर नाव लिहिलंय म्हणून किंमत किती पडते? आणि सगळं एकगठ्ठा द्यावं की सुटं?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आजींच्या पैशाचा मामला आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाला फसवायचं नाही आणि स्वतःही फसायचं नाही.

प्रतिसाद १

धागा वाचतोय. माझ्याकडेही एक खोकं पडून आहे.

प्रतिसाद २

तुम्ही बघायला हव्यात त्याच गोष्टी बघितल्या आहेत. त्या विक्रेत्याला उत्तर देण्यापूर्वी जरा थांबा.

आधी 'ब्लू ट्रेन'. तो कान म्हणजे प्लॅस्टिलाइट कारखान्याची खूण, वळणदार 'पी' आहे तो. कारखाना तुमच्या हाकेच्या अंतरावर, नॉर्थ प्लेनफील्डला होता. रेकॉर्डिंग १५ सप्टेंबर १९५७ चं, हॅकेनसॅकला रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात. म्हणजे तुमच्या हातातली वस्तू अथपासून इतिपर्यंत न्यू जर्सीची. 'इन्क' आणि 'आर' लेबलवर साधारण १९५९ पासून येतात. ते नाहीत, ६३ व्या रस्त्याचा पत्ता आहे, खोबण आहे, कान आहे, आणि वर आजोबांनी स्वतःच मार्च १९५८ लिहून ठेवलंय. पहिल्या छपाईची प्रत म्हणायला याहून जास्त काय हवं? नाव लिहिल्यामुळे कव्हरची प्रत एखादी पायरी उतरते हे खरं, पण इथे ती तारीख तुमची साक्षीदार आहे. खोडायला बिलकूल जाऊ नका. बॉलपेनची शाई जात नाही, कव्हरचा कागद मात्र जातो.

'साँग फॉर माय फादर' वर कान नाही याचा अर्थ ती १९६६ नंतरची. ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली, छपाई दुसऱ्या कारखान्यांत गेली, पण जुनी छापील लेबलं शिल्लक होती ती वापरून संपवली. म्हणून पत्ता जुना आणि कान गायब. व्हॅन गेल्डरचा शिक्का आहे म्हणजे त्याने कापलेल्या मूळ साच्यावरूनच छापलीय, आवाज चांगला असणारच. फक्त पहिली आवृत्ती म्हणून विकू नका. घेणारे सगळ्यात आधी त्या पट्टीचाच फोटो मागतात.

रॉलिन्सचंही तसंच. मूळ १९५६-५७ च्या प्रतीवर ४४६ वेस्ट ५० असा न्यूयॉर्कचा पत्ता असतो, बर्गनफील्ड त्याच्या पुढचं. तरी पिवळं लेबल आहे, हेटाळण्यासारखी नाही. कोलंबियाच्या दोन्ही इतक्या खपल्या की दुर्मीळ म्हणता येणार नाहीत. 'काइंड ऑफ ब्लू' ची दुसरी बाजू तेवढी बघा. सुरुवातीच्या प्रतींवर 'ऑल ब्लूज' आणि 'फ्लेमेंको स्केचेस' ही नावं उलट क्रमाने छापली गेली होती.

आता प्रतवारी. अमेरिकेत गोल्डमाइन या संग्राहकांच्या मासिकाची पट्टी चालते: मिंट, नीअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, मग गुड प्लस, गुड आणि खाली. 'व्हेरी गुड' ऐकायला गोड वाटतं, पण गोल्डमाइनच्या हिशेबात व्हीजी प्लसची किंमत नीअर मिंटच्या निम्मी धरतात आणि व्हीजीची पाव. त्यामुळे दोन कपाटांना सरसकट 'व्हीजी' म्हणणं म्हणजे काय, ते आजींना आता सांगता येईल. ब्रिटिश गिऱ्हाईक 'एक्सलंट' म्हणतं, ती अमेरिकन पट्टीत वेगळी पायरी नाही, तेव्हा कुठली पट्टी वापरलीय ते जाहिरातीत लिहा. रेकॉर्डची प्रत वेगळी, कव्हरची वेगळी. 'मिंट' शब्द न वापरलेलाच बरा.

डोळा की कान? इतक्या महाग वस्तूला दोन्ही, आणि दोन्हीत जे कमी भरेल ते वर लिहायचं. पण कानाचा निकाल लावण्याआधी तीन गोष्टी करा. एक, रेकॉर्ड डिस्टिल्ड पाण्याने धुवा, लेबल कोरडं ठेवून. दोन, तुमची सुई तपासा. जिचा आवाज स्वच्छ आहे अशी नवी रेकॉर्ड लावा आणि बाजूच्या शेवटच्या गाण्यात तोच चिरकेपणा येतो का ऐका. आला तर दोष कार्ट्रिज (सुई असते तो भाग) बसवण्यात आहे, रेकॉर्डमध्ये नाही. तीन, मोनो रेकॉर्ड मोनोवरच ऐका, अॅम्पला बटण असेल तर दाबा. खाचेतला उभा खरखराट दोन्ही वाहिन्या एकत्र झाल्या की बराचसा कटतो.

एवढं करूनही ट्रम्पेट फाटत असेल तर ती खाच झिजलीय. त्या काळचे जड आर्म आणि झिजलेल्या सुया खाचेच्या भिंती खरवडत. दिसायला काही दिसत नाही, आणि ते धुऊन जात नाही. मग सरळ लिहा: 'दिसायला व्हीजी प्लस, वाजायला व्हीजी, ट्रम्पेटच्या उंच सुरांत विकृती'. कुठल्या बाजूच्या कुठल्या गाण्यात ते नेमकं लिहा. गिऱ्हाईक पळत नाही, उलट विश्वास बसतो. पळतं ते 'सुंदर प्रत, वयाच्या मानाने उत्तम' असल्या वाक्यांनी.

धागाकर्ता

खूप खूप आभार. नव्या रेकॉर्डवर ट्रम्पेट अगदी स्वच्छ येतो. 'ब्लू ट्रेन' धुऊन मोनोवर लावली तर खरखर गेली, पण पहिल्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात फाटणं तसंच आहे. दुसरी बाजू बरी आहे. म्हणजे झीजच. तसंच लिहीन.

कानाची खूण आजींना दाखवली. त्या म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलं नव्हतं त्याने." विक्रेत्याला थांबायला सांगितलंय. आता एकगठ्ठा की सुटं, आणि किंमत कशी काढायची, एवढं सांगा.

प्रतिसाद २

सरळ मधला मार्ग. कानवाल्या ब्लू नोट, जुन्या पत्त्याच्या प्रेस्टिज, असं जे निवडक असेल ते सुटं विका. सत्तरच्या दशकातल्या प्रती गठ्ठ्यात त्याच विक्रेत्याला द्या. त्यालाही दुकानाचं भाडं भरायचंय, तो किरकोळ भावाने घेणार नाही, आणि प्रत्येक दहा डॉलरच्या रेकॉर्डचं पार्सल बांधत बसण्यात तुमचे शनिवार जातील.

किंमत ठरवताना लोक किती मागतात ते बघू नका, किती रुपयांना, म्हणजे डॉलरना, गेली ते बघा. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर प्रत्येक छपाईची विक्रीनोंद असते, पण आधी नेमकी तुमचीच छपाई शोधा. ईबेच्या लिलावांचे जुने भाव पॉपसाईक या संकेतस्थळावर सापडतात. वरचा आकडा नीअर मिंट प्रतीचा असतो, तुम्ही तुमच्या पायरीचाच धरा.

प्रतिसाद ३

उत्तम चर्चा. थोडं अवांतर: भारतात कुणी आजोबांची कपाटं आवरत असेल तर 'राग जॅझ स्टाईल' दिसते का बघा. शंकर-जयकिशन, सतारीवर रईस खान, १९६८. फिल्मी रेकॉर्डच्या ढिगात असते म्हणून रद्दीबरोबर जाते, आणि परदेशातले जॅझवाले तीच शोधत असतात. पुनर्मुद्रणंही निघाली आहेत, तेव्हा लेबल बघून घ्या.

धागाकर्त्यांना पॅकिंगचं: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या कागदी पिशवीत ठेवून कव्हरमागे लावा. आत ठेवून पाठवलीत तर वाटेत आपटून तीच कव्हरची शिवण फाडते, आणि पोचेपर्यंत व्हीजी प्लसचं व्हीजी होतं. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, खोकं रेकॉर्डच्या मापाचं. अमेरिकेतल्या अमेरिकेत टपालाचा मीडिया मेल स्वस्त पडतो आणि रेकॉर्डला चालतो. पण तो रमतगमत जातो, तेव्हा 'ब्लू ट्रेन' सारख्या प्रतीला विमा आणि सही घेऊन देणारी सेवाच घ्या.