बटण दाबण्यापुरतं काम नाही
'एक्स-रे म्हणजे बटणच तर दाबायचं, तो काढणाऱ्या तंत्रज्ञाची नोंदणी कशाला?' असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. नागपूरच्या धंतोलीतल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये माझ्या आईच्या मणक्याचा एक्स-रे तीनदा काढला, कारण पोझिशनच चुकत होती. तिन्ही वेळा किरणं तिच्याच अंगावर. काढणाऱ्या मुलाला विचारलं, कुठं शिकलास? 'इथंच, बघून बघून.' त्याच्याकडे टीएलडी बॅजही (अंगावर पडणारी किरणं मोजणारा बिल्ला) नव्हता, म्हणजे त्याला स्वतःला किरणांचा किती डोस बसतोय याचाही हिशेब नाही. बिचाऱ्याचा जीव स्वस्त आहे का?

यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तंत्रज्ञांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे: किमान २००० तासांचं शिक्षण, शिवाय नोंदणी. माझ्या मते तो नोंदणी क्रमांक प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर लागलाच पाहिजे.